पूर्व आफ्रिकेतलं रसायनशास्त्र मोबाइलने सुधारणार नाही

शिक्षणाबद्दलच्या गटांमध्ये एक मजकूर सारखा फिरतोय : "पूर्व आफ्रिकेतल्या शाळांना लॅब परवडत नाही, शिक्षकांना प्रयोग येत नाहीत, संशोधन तर तिथे होतच नाही. मोबाइलवर आभासी लॅब द्या, प्रश्न मिटला." ही विधानं एकेक करून तपासू.

लॅब परवडत नाही? अनेक शाळांकडे सुसज्ज लॅब नाही, हे खरंच. पण शाळेतलं बरंचसं रसायनशास्त्र थेंबांवर भागतं. खळग्यांच्या प्लास्टिक पट्टीत करायचे सूक्ष्मप्रयोग युनेस्कोने 1990च्या दशकातच आफ्रिकेत नेले. शिवाय केनिया-टांझानियातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत मगादी असतो. सोडा सरोवरांतला हा खार कडधान्यं, मका लवकर शिजावीत म्हणून घालतात. त्यावर लिंबू पिळलं की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. आम्ल, कार्बोनेट, वायूची परीक्षा, सगळं एका तासात. केनियातल्या मगादी सरोवरावरचा सोडा ॲशचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा, कारखाना तर आपल्या मुंबईच्या टाटा केमिकल्सचा आहे.

शिक्षकांना प्रयोग येत नाहीत, हे वाचून मला राग येतो. केनियात 1998 मध्ये जपानच्या मदतीने गणित-विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. हाताशी असेल त्यातून प्रयोग उभा करणं हा त्याचा गाभाच होता. घोडं अडतं ते परीक्षेपाशी. केनियाच्या बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतरच्या केसीएसई परीक्षेत रसायनशास्त्राचा तिसरा पेपर प्रॅक्टिकलचा, 40 गुणांचा. कोणती रसायनं लागतील याची गोपनीय यादी शाळेला आधी मिळते, आणि तिच्यावरून प्रश्नाचा अंदाज बांधता येतो. मग मुलं पाठ करतात : ओळखायच्या क्षाराच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की पांढरा साका, जास्त घातलं की विरघळतो, म्हणजे ॲल्युमिनियम, जस्त किंवा शिसं. अमोनिया जास्त घातल्यावरही विरघळला तर जस्त, नाहीतर ॲल्युमिनियम किंवा शिसं. उत्तर बरोबर येतं, पण असं का होतं हे विचारायला वर्षभरात कुणाला सवडच नसते. गुण वर्षभर केलेल्या छोट्या प्रयोगांना द्या, शिक्षक ते आनंदाने करून घेतील.

आभासी लॅबने प्रात्यक्षिकाआधीची तयारी चांगली होते, एवढं मान्य. पण टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून प्रमाण मोजताना, शिकायचं असतं ते शेवटच्या थेंबाशी. ब्युरेटची, म्हणजे मापनळीची, तोटी जराशी जास्त फिरली, रंग बदलून शेवट दाखवणारं फिनॉल्फ्थॅलीन फिकट गुलाबीऐवजी गडद झालं, आणि तीन वाचनं एकमेकांशी जुळेनात. आता काय करायचं? पडद्यावरची ब्युरेट सहसा अशी चुकतच नाही. वीज आणि डेटाचा खर्च वेगळाच.

संशोधनाबद्दलचं विधान सरळ खोटं आहे. पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांचं नैसर्गिक संयुगांवर काम करणारं 'नाप्रेका' हे जाळं 1984 पासून आहे. पूर्व आफ्रिकेतून जाणाऱ्या लांबलचक रिफ्ट खोऱ्यातल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड इतकं असतं की मुलांचे दात तपकिरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम. या फ्लोराइडवर उपाय म्हणून केनियात नाकुरूकडे आणि टांझानियात हाडांच्या कोळशाचे फिल्टर वापरात आले. हाडातल्या खनिजातला हायड्रॉक्साइड आयन सुटतो, त्याच्या जागी फ्लोराइड बसतो. विद्यापीठांच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये हाच प्रयोग ठेवावा : मुलांनी आपापल्या गावचं पाणी आणावं, गाळण्याआधी आणि नंतर फ्लोराइड मोजावं, आणि आकडे गावाला कळवावेत.