साक्ष पुरी ऐकायची नसेल तर माईक देता कशाला?

आज 25 जानेवारी, संत पौलाच्या परिवर्तनाचा सण. त्यानिमित्त आमच्या वसईत प्रार्थनासभा होती आणि शेजारच्या काकांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, स्टेजवर बोलावलं. काका जन्माचे तांडेल, बोटीवर यांचा आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू यायचा, पण माईकसमोर घाम फुटला. ‘रिट्रीटवरून (चर्चच्या प्रार्थना-शिबिरावरून) आलो नि परत प्यायला लागलो’ एवढं बोलतात न बोलतात तोच बाहेरून आलेल्या प्रचारकांनी माईक काढून घेतला. ‘प्रभूने एका रात्रीत दारू सोडवली! हालेलुया!’ टाळ्याच टाळ्या.

एका रात्रीत? अहो, आमची भिंतीला भिंत आहे!

रिट्रीटवरून काका रडून, हलके होऊन आले होते, हे खरं. पण जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोट वर ओढली, हात रिकामे, आणि स्वारी पुन्हा गुत्त्यावर. गावाने काय केलं? हसला गाव. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पहिल्या बाकावर बसणारे सगळ्यात आधी.

तेव्हा एक माणूस स्कूटरवरून यायला लागला. दुसऱ्या गावचा, स्वतः एकेकाळचा अट्टल पिणारा, अल्कोहोलिक्स अनॉनिमसवाला, म्हणजे पिणाऱ्यांनीच एकमेकांना दारू सोडायला मदत करायची त्या संघटनेतला. उपदेश नाही, काही नाही. ओट्यावर बसायचा आणि काकांबरोबर जाळं शिवायचा. काकांचे हात इतके थरथरायचे की सुईवर दोरा भरता यायचा नाही. हा आपली भरलेली सुई त्यांच्या हातात द्यायचा आणि रिकामी आपल्याकडे घ्यायचा. पावसाळाभर हेच. मध्ये काका पुन्हा घसरले, काकीने वैतागून दार लावून घेतलं, तरी दुसऱ्या दिवशी स्कूटर हजर.

एका रात्रीची ज्यांना एवढी हौस आहे त्यांनी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा अध्याय नववा जरा पुढेही वाचावा. ख्रिस्ताच्या शिष्यांना पकडायला निघालेल्या शौलाला, म्हणजेच पुढच्या संत पौलाला, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर दिसलेला प्रकाश सगळ्यांना पाठ. पण त्या प्रकाशाने आंधळ्या झालेल्या शौलाला हाताला धरून शहरात नेलं ते माणसांनीच. हा आपल्याच लोकांना पकडायला आलाय हे माहीत असूनही तिथल्या हनन्या नावाच्या शिष्याने त्याच्यावर हात ठेवले, ‘भाऊ’ म्हटलं. पुढे यरुशलेमात शिष्य त्याला घाबरून होते, तेव्हा बर्णबा त्याच्या बाजूने उभा राहिला. यांना का नाही बोलवत स्टेजवर?

अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा एक संस्थापक बिल विल्सन, स्वतः अट्टल पिणारा, त्याचंही तेच. 1934 मध्ये हॉस्पिटलात त्याला देवाचा अनुभव आला. तरी 1935 मध्ये ॲक्रनच्या हॉटेलात बार खुणावू लागला, तेव्हा त्याने पाद्र्यांना फोन लावले, बोलायला एखादा दारुडा मिळवून द्या म्हणून. त्यातून तसाच पिणारा डॉक्टर बॉब भेटला आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं.

देवाने काही केलं नाही असं मी म्हणत नाही. काका स्वतःच ‘त्यानेच सोडवली’ म्हणतात, आणि भोगलंय त्यांनी, मी नाही. ठीक.

पण एकदा त्यांना विचारलं, त्या माणसात असं काय होतं? म्हणाले, ‘माझ्या तोंडाला वास यायचा, तरी तो लांब नाय सरकायचा.’ मला पुढे काही विचारवलं नाही.

आणि आता ऐका. याच माणसाच्या ग्रुपने आठवड्यातून एक संध्याकाळ मीटिंगसाठी हॉल मागितला होता. कुठला ते लिहीत नाही, इथल्यांना माहीत आहे. ‘दारुडे जमतील, पोरांवर परिणाम होईल’ म्हणून नकार. त्याच हॉलमध्ये लग्नाला बिअरचे क्रेटच्या क्रेट उतरतात, तेव्हा आपली पोरं काय डोळे मिटून बसतात?