व्हिनेगर, खायचा सोडा आणि मूठभर मीठ: धुण्याच्या एका लोकप्रिय कृतीचा प्रतिवाद

कपडे धुण्याचे कष्ट निम्म्यावर आणणारी म्हणून एक कृती सध्या मोबाइलवरून घरोघरी पोहोचते आहे. यंत्रात पावडरीसोबत एक कप व्हिनेगर आणि तीन चमचे खायचा सोडा घालावा, नव्या कपड्याचा रंग पक्का व्हावा म्हणून मूठभर मीठ टाकावे, भरपूर फेस येईल इतकी पावडर घ्यावी, पाणी शक्य तितके गरम ठेवावे आणि पांढऱ्या कपड्यांसाठी त्यातच थोडे ब्लीच मिसळावे, असे ती सांगते. सारे जिन्नस घरातलेच असल्यामुळे ती पटकन पटते. मात्र एकेक सूचना तपासली की काम कमी होण्याऐवजी वाढते असे दिसते, आणि शेवटची सूचना तर सरळ धोक्याची आहे.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की फसफसतात, आणि त्या फसफसण्यालाच आपण स्वच्छता समजतो. खाण्याच्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या कपात सुमारे १० ग्रॅम. तेवढे आम्ल निष्प्रभ करायला १४ ग्रॅम खायचा सोडा पुरतो आणि चहाचे तीन चमचे भरतात ते जवळजवळ तेवढेच. संदेशातले प्रमाण इतके अचूक आहे की दोन्ही पदार्थ एकमेकांना पुरते संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरते पाणी व सोडियम ॲसिटेट, ज्याचा मळ काढण्याशी काही संबंध नाही. वेगवेगळे वापरले तरी फारसे साधत नाही. पावडरीचे द्रावण मुद्दामच अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, ठेवलेले असते, कारण तेलकट मळ अशाच पाण्यात सुटतो, आणि व्हिनेगर नेमका तोच गुण कमी करतो. खायचा सोडा अगदी सौम्य असतो. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आवरण्याचे काम धुण्याचा सोडा करतो आणि तो बहुतेक पावडरींत आधीच घातलेला असतो. जड पाण्याच्या गावी पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे पावडर किंचित वाढवणे पुरेसे आहे.

मिठाचा समज मात्र अगदीच निराधार नाही. सुती कापड रंगवताना रंगारी मीठ वापरतात, कारण त्यामुळे पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलला जातो. तो धाग्याला कायमचा जोडला जातो तो पुढे धुण्याच्या सोड्यामुळे. रंगवणे संपल्यावर घरच्या बादलीत मीठ घालून न जोडलेला रंग जोडला जात नाही. असा कपडा पहिल्या काही वेळा थंड पाण्यात वेगळा धुवावा, एवढाच खरा उपाय.

फेस हे स्वच्छतेचे माप नव्हे. पुढून दार असलेल्या यंत्रात कपडे वर जाऊन खाली आपटतात आणि त्या आपटण्यानेच मळ सुटतो; जास्तीचा फेस ती आपट गादीसारखी झेलतो. शिवाय तो काढायला जादा पाणी लागते आणि राहिलेल्या पावडरीमुळे पावसाळ्यात कपड्यांचा कुबट वास वाढतो. हाताने धुणाऱ्यांना तर प्रत्येक जास्तीच्या चमच्यामागे खळबळायला आणखी पाणी लागते. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हा हिशेब लहान नाही.

गरम पाण्याने काही डाग उलट पक्के होतात. रक्त, दूध आणि अंडे यांतली प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन धाग्यात अडकतात, म्हणून ते आधी थंड पाण्यातच भिजवावेत. हळदीची गोष्ट निराळी आहे. साबण लागताच तो डाग लालसर होतो आणि घाबरून आपण आणखी घासतो. पण तो लालपणा अल्कामुळे आलेला असतो, खळबळल्यावर पिवळा परततो. तेलकटपणा साबणाने काढून कपडा ओला असतानाच कडक उन्हात वाळत घालावा, कारण हळदीचा रंग प्रकाशाने विटतो. विजेचेही पाहा: १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट लागते, ४० अंशांपर्यंत त्याच्या निम्म्याहून कमी. रोजच्या कपड्यांना ३० ते ४० अंश पुरतात. विकरे (मळाचे कण तोडणारी एन्झाइम्स) असलेल्या पावडरी त्या तापमानातही चांगले काम करतात. आजारी माणसाच्या चादरी-टॉवेलांसाठी ६० अंश ठेवणे योग्य.

राहिले ब्लीच. घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि व्हिनेगरसारखे आम्ल त्यात पडले की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याचे आम्ल ब्लीचमध्ये मिसळले तरी हेच घडते. फ्लॅटमधल्या बंद न्हाणीघरात, जिथे यंत्र बहुधा कोपऱ्यात असते, थोडासा वायूही डोळे व घसा जाळतो आणि दम्याच्या रुग्णाला तर तो फारच जड जातो. ब्लीच वापरायचेच असेल तर फक्त साध्या पाण्यात आणि तेही पांढऱ्या सुती कपड्यांपुरतेच वापरावे. चुकून मिश्रण झाले व उग्र वास आला तर ते हलवत किंवा ओतत बसू नये. ताबडतोब बाहेर पडावे, बाहेर पडता-पडता हाताशी असलेले दार-खिडकी उघडी टाकावी आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरकडे जावे.