मतिमंदत्वाचंच नवं नाव ऑटिझम?

सध्या एक मजकूर जिकडेतिकडे फिरतोय : “पूर्वी ज्याला मतिमंद म्हणायचे, त्यालाच आता ऑटिझम म्हणतात. आजार तोच, नाव तेवढं गोंडस. उद्या तेही बदलतील.” मी विशेष मुलांना शिकवते, म्हणून एकेक वाक्य घेते.

“त्यालाच ऑटिझम म्हणतात.” नाही. मतिमंदत्वाला आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. तिच्यात आकलन, तर्क आणि रोजचे व्यवहार मागे पडतात. ऑटिझममध्ये अडचण असते संवादाची, माणसांत मिसळण्याची. ठरलेला क्रम मोडला की मूल कोलमडतं. दोन्ही एकाच मुलात असू शकतात. अमेरिकेत २०२० साली आठ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांची पाहणी झाली. बुद्ध्यंकाची नोंद असलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांना बौद्धिक अक्षमताही होती. बाकीच्यांना नव्हती.

खरं एवढंच, की पूर्वी अनेक ऑटिस्टिक मुलांवर मतिमंदत्वाचा शिक्का बसायचा. माझ्याकडे असाच एक मुलगा आला. कागदावर ‘तीव्र मतिमंद’. तोंडी प्रश्नांना तो उत्तरच देत नसे, म्हणून सगळीकडे शून्य. मी त्याच्यापुढे नक्षीतला राहिलेला तुकडा ओळखायची चाचणी ठेवली. तिला बोलावं लागत नाही. माझ्याकडे एकदाही न बघता त्यानं योग्य तुकड्यावर बोट टेकवलं, पान उलटलं, पुन्हा बोट टेकवलं. शेवटच्या पानापर्यंत. तोवर चार वर्षं त्याला नुसतं मणी ओवायला बसवलं होतं. चित्रकार्ड दाखवून पाणी मागायला कुणी शिकवलंच नव्हतं.

“आजार.” दोन्हींपैकी एकही आजार नाही. ही वाढीतली, जन्मभराची वेगळी अवस्था आहे.

“नाव तेवढं गोंडस.” २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं ‘मेंटल रिटार्डेशन’ हा शब्द काढला, आणि तीव्रता बुद्ध्यंकावरून न ठरवता माणूस रोजचं जगणं किती सांभाळतो यावरून ठरवायला सांगितलं. म्हणजे मोजपट्टीही बदलली. ‘इडियट’, ‘मोरॉन’ हेही एकेकाळी निदानाचेच शब्द होते. त्यांच्या शिव्या झाल्या. ‘मतिमंद’चं तेच झालंय. म्हणूनच “आमचा मतिमंद नाही हं, ऑटिस्टिक आहे” असं कुणी म्हटलं, की शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईचा चेहरा मला बघवत नाही.

“उद्या तेही बदलतील.” बदलू देत. तुमच्याकडे जुना कागद असेल, तर मुलाची तपासणी पुन्हा करून घ्या, आणि आधीची चाचणी तोंडी होती का, ते आवर्जून विचारा.