स्विंडनच्या पोरांनी दोनदा 'नाही' म्हटलं

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधले एक साठीचे गृहस्थ म्हणाले, "एक्सटीसी होय! छान बँड होता. पण ८२ साली संपला बिचारा." स्विंडनमध्ये राहायला आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की परवा राहवलं नाही. सुट्टी संपली, वाद संपला नाही. उरलेला इथे लिहितेय.

एक्सटीसी हा स्विंडनचाच रॉक बँड. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून पश्चिमेला निघालं की तासाभरात स्विंडन येतं. हे रेल्वेचं गाव. १८४३ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं वर्कशॉप इथे सुरू झालं आणि गाव त्याच्याभोवती वाढलं. ऐन भरात तिथे १४,००० माणसं कामाला होती. आज त्याच शेड्समध्ये ब्रँडेड कपड्यांचं आउटलेट आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली हजारो गोवेकर माणसं आता गावात राहतात, आणि मला इथे कोकम नि सुकं मिळतं ते त्यांच्यामुळेच. पण बाकी इंग्लंडच्या लेखी स्विंडन म्हणजे गाडीच्या खिडकीतून बघायचं आणि चेष्टा करायची जागा. या बँडलाही आयुष्यभर ते चिकटलं. गावंढळ पोरं, म्हणायचे.

तर ही पोरं अशी. अँडी पार्ट्रिज गिटार वाजवायचा आणि बहुतेक गाणी लिहायचा. कॉलिन मोल्डिंगकडे बेस, आणि गाणी त्याचीही. ड्रम्सवर टेरी चेंबर्स, कीबोर्डवर बॅरी अँड्र्यूज. १९७७ मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सशी करार झाला. तेव्हा पंकचा जोर होता, आणि त्याच्या मागोमाग न्यू वेव्हवाली मंडळी येत होती. पंकचा वेग आणि खडबडीतपणा त्यांना हवा होता, पण चाल बांधायचीही हौस होती. १९७८ या एकाच वर्षात एक्सटीसीचे दोन अल्बम आले. खरं सांगायचं तर ते मी फारसे ऐकत नाही. दम आहे, पण घरातले सगळे एकदम बोलायला लागल्यासारखं वाटतं. मग अँड्र्यूज बाहेर पडला, १९७९ मध्ये डेव्ह ग्रेगरी हा गिटारवादक आला, आणि 'ड्रम्स अँड वायर्स'पासून बँडला स्वतःचा आवाज सापडला.

त्यातलं 'मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल' एकदा हेडफोन लावून ऐका. पहिले काही सेकंद फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या. एरवी झांजांच्या जोडीवर जो बारीक ठेका चालतो, तो इथे टॉम नावाच्या ड्रमच्या जाड कातड्यावर वाजतो. त्यामुळे सगळं उलटसुलट वाटतं, कारखान्यातलं यंत्र एका जागी अडकून तेच तेच करत राहावं तसं. आणि विषय काय, तर आईवडिलांनी पोराचं परस्पर ठरवून टाकलंय. ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीत चिकटवायचं, जन्माची सोय होईल, पोरगा खूश आहे. नायजेल स्वतः गाण्यात एक अक्षर बोलत नाही! हे मोल्डिंगचं गाणं इंग्लंडच्या खपाच्या यादीत १७व्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटिश स्टीलने तर आपल्या अंतर्गत पत्रासाठी नायजेल नावाचे कामगार गोळा करून नोकरीत किती समाधान आहे ते त्यांच्याकडून वदवून घेतलं. पुढच्याच जानेवारीत, १९८० मध्ये, पोलाद कामगारांचा देशव्यापी संप झाला. तो तीन महिने चालला, आणि पाठोपाठ हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. जन्माची सोय तेवढीच टिकली. 'तुझ्या भल्यासाठीच ठरवलंय' हे वाक्य ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यातल्या कुणालाही या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता ८२ साल. 'इंग्लिश सेटलमेंट' हा दुहेरी अल्बम फेब्रुवारीत आला आणि पाचव्या क्रमांकावर पोचला. त्यातलं एक गाणं पहिल्या दहात गेलं. म्हणजे बँड नेमका वर चढत होता. पण पाच वर्षं हे लोक जवळजवळ न थांबता दौऱ्यावर होते. पार्ट्रिज पोरवयापासून डॉक्टरांनी दिलेल्या व्हॅलियमच्या, म्हणजे मन शांत करणाऱ्या, गोळ्यांवर होता. घरच्या ताणामुळे त्या सुरू झाल्या आणि पुढे कुणी थांबवल्याच नाहीत. मग दौऱ्याच्या धामधुमीत बायकोने काळजीपोटी त्या फेकून दिल्या. इतक्या वर्षांची गोळी एका रात्रीत सुटली, वर डॉक्टरांची देखरेख नाही. १८ मार्चला पॅरिसमध्ये पहिलंच गाणं सुरू असताना तो गिटार सोडून आत निघून गेला. तरीही दौरा अमेरिकेत नेला गेला. एप्रिलमध्ये सॅन डिएगोचा एक कार्यक्रम कसाबसा पार पडला, लॉस एंजेलिसचा रद्द झाला, आणि त्यानंतर एक्सटीसी पुन्हा कधीही दौऱ्यावर गेली नाही.

यालाच लोक 'संपला' म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो. माणूस स्टेजवर उभं राहता येत नाही म्हणून आत गेला, आणि चाळीस वर्षांनीही त्याच्याकडे हरलेला म्हणून बघायचं? त्याच्या जागी पाय मोडला असता तर असं बोललो असतो का? माझ्या घरात पॅनिक अटॅक येणारं माणूस आहे. छातीवर हात ठेवून बाथरूमच्या फरशीवर बसलेलं मी त्याला बघितलंय. बाहेर पाहुणे, आणि सगळे म्हणताहेत, 'दोन मिनिटं येऊन बस फक्त.' त्या दोन मिनिटांची किंमत मला माहीत आहे. पार्ट्रिजकडून ती रोज रात्री वसूल केली जात होती, आणि एके दिवशी तो 'नाही' म्हणाला. त्या नकारात मला शहाणपणच दिसतं.

त्याची किंमत मोठी होती हेही खरं. पुढचा अल्बम करतानाच टेरी चेंबर्स बँड सोडून ऑस्ट्रेलियाला गेला. दौरे नाहीत म्हणजे हातात पैसा नाही, आणि त्यात आधीच्या मॅनेजरशी वर्षानुवर्षं चाललेली कोर्टबाजी. १९८४ चा 'द बिग एक्सप्रेस' फारसा खपला नाही. त्याचं कव्हर रेल्वेच्या चाकासारखं गोल कापलेलं होतं, आणि स्विंडनच्या वर्कशॉपचा धूर त्या गाण्यांतही भरलाय. इथे राहणाऱ्या माझ्यासारखीला तो अल्बम फार जवळचा आहे.

पण मग बघा काय झालं. रोज रात्री स्टेजवर वाजवता आलंच पाहिजे ही अट गेली, आणि गाणी मोकळी झाली. व्हायोलिन हवंय? घ्या. मागे किडे किरकिरताना हवेत? घ्या. १९८६ मध्ये अमेरिकन निर्माता टॉड रंडग्रेन याच्याबरोबर त्यांनी 'स्कायलार्किंग' केला. पार्ट्रिज आणि रंडग्रेन यांचं अजिबात जमलं नाही. दोघेही हट्टी, दोघांनाही शेवटचा शब्द आपलाच हवा. कोणतं गाणं कुठे येणार ते रंडग्रेनने रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवून टाकलं होतं. भांडणं इतकी, की शांत स्वभावाचा मोल्डिंगही मधेच उठून गेला होता. आणि या सगळ्यातून जो अल्बम निघाला तो उन्हाळ्याच्या एका दिवसासारखा सलग वाहतो, सकाळच्या गवतापासून रात्रीपर्यंत. त्याच वर्षी मार्चमध्ये स्विंडनचं रेल्वे वर्कशॉप कायमचं बंद झालं.

'डिअर गॉड' तर आधी अल्बममध्ये नव्हतंच, दुसऱ्या एका गाण्याच्या रेकॉर्डच्या पाठीमागच्या बाजूला होतं. देवाला लिहिलेलं पत्र, सुरुवात एका लहान मुलीच्या आवाजात. अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी ते वाजवायला सुरुवात केली, लोक भडकले, फ्लोरिडातल्या एका स्टेशनला आग लावण्याची धमकी आली, आणि मग तिकडच्या कंपनीने दुसरं गाणं काढून याला अल्बममध्ये जागा दिली. मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावते. तरीही ते गाणं मला खोटं वाटत नाही. इतकं तावातावाने भांडायला समोर कुणीतरी लागतं.

या अल्बमची एक गोष्ट मला सारखी आठवते. स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या की पडदा जेव्हा पुढे यायला हवा तेव्हा मागे जातो. 'स्कायलार्किंग'च्या वेळी स्टुडिओत कुठेतरी अशीच जोडणी उलटी झाली होती आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. बेस पातळ, आवाज जरा लांबून आल्यासारखा. वीसहून अधिक वर्षांनी मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटचा हात, करणाऱ्या जॉन डेंट यांच्या कानाने ते पकडलं, आणि २०१० मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. मी जुनी आणि नवी लागोपाठ लावून ऐकली. गाणी तीच, पण मोल्डिंगचा बेस शेजारच्या खोलीतून उठून आपल्या खोलीत येऊन बसतो.

दुसरा नकार कंपनीला. १९९२ मध्ये 'नॉनसच' आल्यावर व्हर्जिनने त्यातलं एक गाणं सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, म्हणून काढलं आणि लगेच मागे घेतलं. करार तरुणपणी सही केलेला, पैसा कंपनीकडे, गाण्यांची मालकीही कंपनीकडे. तेव्हा या लोकांनी सरळ संप केला. शब्द त्यांचाच, 'संप'. करार सुटत नाही तोवर एकही नवीन गाणं रेकॉर्ड करायचं नाही. कामगारांच्या गावातली पोरं ती, हत्यार अचूक उचललं. चाळिशीत आलेल्या कलावंतांनी पाच वर्षं हातावर हात ठेवून बसणं काय असतं याचा विचार करा. लोक विसरतात, घरचा हप्ता विसरत नाही. पण सुटले. स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि १९९९ मध्ये 'अ‍ॅपल व्हीनस'चा पहिला भाग आला, वाद्यवृंदासह. त्याच्या पहिल्याच गाण्यात एका थेंबासारखा सुटा स्वर पडतो, मग दुसरा, मग हळूहळू पूर भरतो. हे संपलेल्या बँडचं काम आहे?

तोवर ग्रेगरीही बाहेर पडला होता. २००० मध्ये आणखी एक अल्बम आला, आणि मग पार्ट्रिज-मोल्डिंगचंही फिसकटलं. भांडणात कोण बरोबर यात मला शिरायचं नाही.

एवढं मात्र सांगते. चेंबर्स ऑस्ट्रेलियाहून स्विंडनला परत आला होता. २०१८ च्या शरद ऋतूत त्याने आणि मोल्डिंगने मिळून गावातल्याच ओल्ड टाउन भागातल्या छोट्या आर्ट्स सेंटरमध्ये काही कार्यक्रम केले. परगावी नाही, टीव्हीवर नाही, आपल्या गावात, चालत घरी जाता येईल इतक्या अंतरावर. मी गेले होते. माझ्या शेजारी पांढऱ्या केसांचे एक आजोबा होते, ते बायकोचा हात धरून बसले होते. सॅन डिएगोला छत्तीस वर्षं झाली होती. 'नायजेल'चा ठेका सुरू झाला तेव्हा तो आधी पायाखालच्या लाकडी फळ्यांतून आला, मग कानात. आजोबांनी बायकोचा हात सोडला आणि गुडघ्यावर तो उलटा ठेका धरला, एकही मात्रा न चुकता.