दहशतवादाचे खटले कागदावर हरतात

दहशतवादाच्या प्रकरणात अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचा विषय काढला की लगेच विचारलं जातं, "मग जे मेले त्यांचे हक्क कुठे गेले?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच या पोस्टची सुरुवात मेलेल्यांपासून करतो.

11 जुलै 2006. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलमधल्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत 7 स्फोट झाले. 180 हून जास्त माणसं गेली. 2015 साली विशेष मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या 5 जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांची शिक्षा रद्द केली. का, ते निकालात वाचण्यासारखं आहे. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतला मजकूर एकसारखा निघाला आणि ते मारहाणीने घेतल्याचा आरोप न्यायालयाला दखल घेण्याजोगा वाटला. ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. साक्षीदार शंभर दिवस गप्प राहून मग बोलले. जप्त मुद्देमालाचं सीलबंद जतन नीट झालं नव्हतं. बॉम्ब नेमके कुठल्या प्रकारचे होते हेही सिद्ध झालं नाही. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. इतकी वर्षं उलटली तरी त्या डब्यांत बॉम्ब कुणी ठेवले याचं टिकाऊ उत्तर मृतांच्या घरच्यांना मिळालेलं नाही.

त्यानंतर दहाच दिवसांनी, 31 जुलैला, मालेगाव 2008 च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. तिथे इतर त्रुटींबरोबर यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायदा, लावण्यासाठीची मंजुरीच सदोष ठरली. या दोन निकालांवर आनंद मानणारे आणि संतापणारे लोक वेगळे होते. तपासातली ढिलाई मात्र एकाच जातीची होती, आणि दोन्हीकडे स्फोटात गेलेल्यांची घरं रिकाम्या हातांनी परतली.

आता मुंबईतलाच दुसरा खटला बघा. कसाब जिवंत पकडला गेला. त्याला वकील दिला म्हणून केवढा गदारोळ झाला होता! आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयाने मे 2010 मध्ये शिक्षा सुनावली, फेब्रुवारी 2011 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 29 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हल्ल्यापासून चार वर्षांच्या आत सगळं संपलं. सर्वोच्च न्यायालयातही त्याच्या बाजूने न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाने नेमलेले वकील, उभे होते. त्याच निकालात न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना सांगितलं की आरोपी पहिल्यांदा समोर आला की वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगा, परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. नियम पाळल्याने तो खटला कुठेच कच्चा पडला नाही. तिन्ही न्यायालयांत टिकला तो त्या नियमांमुळेच.

म्हणून हक्क एका पारड्यात आणि सुरक्षा दुसऱ्या पारड्यात, हे चित्रच मला मान्य नाही.

आता प्रत्यक्ष कागदांकडे येऊ. घटनेचं कलम 22 सांगतं की अटक झालेल्याला अटकेची कारणं कळवायची, त्याला पसंतीच्या वकिलाला भेटू द्यायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं. यूएपीएमध्येही यातून सूट नाही. चूक कुठे होते? 'कारणं' या रकान्यात पोलीस छापील वाक्यं भरतात, 'पुढील गुन्हा करू नये म्हणून', 'पुराव्यात ढवळाढवळ होऊ नये म्हणून'. ही वाक्यं कुणालाही लागू पडतात. या माणसाने नेमकं काय, कधी, कुठे केल्याचा आरोप आहे ते त्यात कुठेच नसतं. 15 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूजक्लिकचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची यूएपीएखालची अटक आणि रिमांड दोन्ही याच फरकावर बेकायदा ठरवली. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात न्यायालयाने हा नियम सगळ्याच गुन्ह्यांना लावला. कारणं लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि अटकेच्या क्षणी देता आली नाहीत तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्राला नवा नाही. 1962 सालच्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत देऊन पोलिसांनी ती तोंडी समजावली होती. सर्वोच्च न्यायालयाला ते पुरेसं वाटलं नाही आणि माणूस सुटला. भाषांतराचा आळस केला आणि अख्खा आदेश गेला.

घरच्यांनी अटकेच्या वेळी काय बघायचं? अटकेच्या पंचनाम्यावर वेळ लिहिली आहे का, ते. त्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, आरोपीचीही लागते. कोऱ्या रकान्यांवर कुणीही सही करू नये. पोलिसांनी माणूस सकाळी उचलला आणि कागदावर संध्याकाळची वेळ टाकली, तर 24 तासांचा हिशेबच बिघडतो. अशा वेळी सकाळचा फोन, मेसेज, सोसायटीच्या गेटचा कॅमेरा, जे असेल ते त्याच दिवशी जपून ठेवा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. वैद्यकीय तपासणीत अंगावरच्या खुणा डॉक्टरांना स्वतः दाखवायच्या, विचारायची वाट बघायची नाही.

पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबद्दलही सांगतो. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण 18 महिने, तशी यंत्रणा नसेल तिथे किमान एक वर्ष, ठेवायला सांगितलं. मारहाणीचा आरोप असेल तर ते चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्या रिमांडलाच द्यावा, मुदत संपल्यावर मागून हाती काही लागत नाही. सरळ तपास करणाऱ्या अधिकाऱ्यालाही याचा उपयोग आहे. कबुलीजबाब मारून घेतला की आपखुशीने दिला, यावर वीस वर्षं वाद घालायची पाळी त्याच्यावर येत नाही.

यानंतरचा टप्पा दिवसांच्या हिशेबाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. यूएपीएच्या कलम 43डी(5) मुळे आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो. त्यामुळे तपासाची मुदत हा आरोपीकडे उरलेला जवळजवळ एकमेव दरवाजा असतो. दोषारोपपत्रासाठी 90 दिवस असतात, न्यायालयाने मुदत वाढवली तर 180. ही वाढ तपास अधिकाऱ्याच्या पत्रावर मिळत नाही. सरकारी वकिलाने स्वतःचा अहवाल द्यायचा असतो, तपास कुठवर आलाय आणि या माणसाला 90 दिवसांपुढे कोठडीत ठेवणं का गरजेचं आहे, हे दोन्ही सांगणारा. 1994 मध्ये हितेंद्र ठाकूर खटल्यात, टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात, न्यायालयाने बजावलं होतं की सरकारी वकील हा पोलिसांची मागणी पुढे सरकवणारा टपालखात्याचा माणूस नाही. आणि 2022 सालच्या निकालाप्रमाणे वाढीवर विचार होताना आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून हजर ठेवून ते कळवावंच लागतं.

मोजणी अशी. मार्च 2023 च्या निकालानंतर रिमांडचा पहिला दिवसही धरतात, अटकेचा दिवस नव्हे. 1 जानेवारीला रिमांड झाला तर साध्या वर्षात 90 वा दिवस 31 मार्च. मुदतवाढ नाही आणि दोषारोपपत्रही नाही, तर 1 एप्रिलला कोर्ट उघडताच डिफॉल्ट जामिनाचा (मुदतीत दोषारोपपत्र न आल्याने हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा) अर्ज दाखल झालेला हवा. दुपारी दोषारोपपत्र आलं आणि अर्ज त्यानंतर गेला, तर हक्क संपला. अर्जात 'जामीन द्यायला तयार आहोत' हे लिहा आणि खरोखर तयार राहा. जामीनदार ठरलेला हवा, त्याचा सातबारा किंवा पगारपत्रक आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला हातात हवा. हा दाखला मिळायला दिवस जातात, तेव्हा 91 व्या दिवशी धावाधाव करून उपयोग नाही.

हा हिशेब किती निर्दय असतो ते भीमा कोरेगाव प्रकरणात दिसलं. पुण्यात एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याखालचं विशेष न्यायालय असताना मुदतवाढ दिली अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी. त्यांना तो अधिकारच नव्हता, म्हणून 1 डिसेंबर 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या आरोपी, वकील सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन दिला. त्याच प्रकरणातल्या आणखी 8 जणांना त्याच निकालाने नकार मिळाला, कारण त्यांचे अर्ज वेळेत गेले नव्हते.