उत्तर बरोबर आहे, मग पायऱ्या कशाला?

असं विचारणाऱ्या मुलाला आपण सरळ आळशी ठरवतो. मला त्याचा प्रश्न रास्त वाटतो. सवय तर आपणच लावलेली असते. अबॅकसच्या क्लासमध्ये मणी मनातल्या मनात सरकवायचे आणि नुसतं उत्तर लिहायचं. शिष्यवृत्ती परीक्षेत चारांतला एक गोल काळा करायचा. वेगाचं कौतुक होतं. मग आठवीत एकदम वहीवर लाल शेरा येतो, ‘पायऱ्या कुठे आहेत?’ दहावीला पायऱ्यांचे गुण मिळतात हे खरं, पण तेराव्या वर्षी ते कुणाला पटतं?

भाच्याला मी एक गणित घातलं. आज वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट आहे, 12 वर्षांनी दुप्पट होईल. तर आजची वयं किती?

“36 आणि 12.”

“कसं काढलंस?”

“असंच. सुचलं, मावशी.”

वही पुढे केली की तो गप्प. म्हणून पेन मी घेतलं. म्हटलं, तू बोल, मी लिहिते.

“अगं, दोघांतला फरक बदलत नाही ना. आज तो मुलाच्या दुप्पट आहे, नंतर मुलाच्या वयाएवढाच. म्हणजे 12 वर्षांत मुलाचं वय दुप्पट झालं. मग आज तो 12 चाच!”

‘समजा मुलाचे वय क्ष’पेक्षा हे मला कितीतरी देखणं वाटलं. त्याच्याच शब्दांत ते उतरवून घेतलं. पुढचं गणित मुद्दाम अवघड दिलं: आज चौपट, 5 वर्षांनी तिप्पट. आता फरक आधी तिप्पट, मग दुप्पट. हे काही चटकन डोक्यात मावेना, तेव्हा त्याने आपणहून पेन उचललं. माझं म्हणणं एवढंच आहे: लिहायची गरज पडेल असं गणित द्या. सोप्या दहा गणितांच्या पायऱ्या लिहायला लावणं ही शिक्षाच आहे.

‘रामानुजन कुठे पायऱ्या लिहायचे?’ असं पालकच विचारतात. कागद महाग, म्हणून ते पाटीवर गणित करत आणि वहीत निष्कर्ष तेवढे उतरवत. त्यांना केंब्रिजला बोलावणारे इंग्रज गणितज्ञ हार्डी त्यांच्याकडे सिद्धता मागत राहिले. अविभाज्य संख्यांबद्दलचे रामानुजन यांचे काही दावे चुकीचेही निघाले. त्यांच्या वह्यांमधल्या निष्कर्षांच्या सिद्धता जुळवण्यात पुढच्या गणितज्ञांची अनेक वर्षं गेली.

काही मुलांना मात्र लिहिणंच जड जातं. हात दुखतो, अंक रांगेत राहत नाहीत. त्यांना दटावू नका, वेळेवर तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो.

आणि गणिताच्या शिक्षकांना कळकळीची विनंती: पुस्तकातली रीत नसली, तरी मुलाने स्वतःची रीत दोन ओळींत नीट मांडली असेल तर पूर्ण गुण द्या.