ढोबळी मिरचीच्या रोपांच्या तारखेबद्दल आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या रोपवाटिकेला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला. आपली तक्रार अशी की, मे महिन्यात आम्ही ढोबळी मिरचीच्या रोपांची तारीख पुढची दिली आणि आपले पॉलिहाऊस रिकामे राहिले. त्याच वेळी आमचे एक पॉलिहाऊस मोकळे होते आणि कामगार त्यातील हिरवी रोपे उपटून पोत्यांत भरत होते. शिवाय आत सोडण्यापूर्वी आपल्याला बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला, साबणाने हात धुवायला आणि तंबाखूची पुडी बाहेर ठेवायला सांगितले, ज्याला आपण 'नाटक' म्हटले आहे. शिरोळ-हातकणंगले भागातील अनेक बागायतदार हे वाचतील, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

ते पॉलिहाऊस आम्ही मुद्दाम मोकळे केले होते. एक बॅच गेल्यावर कोपऱ्यात उरलेली रोपे कितीही टवटवीत दिसली, तरी पांढरी माशी, फुलकिडे आणि कोळी या रस शोषणाऱ्या किडींना पुढच्या बॅचपर्यंत जगवण्याचे काम तीच करतात. पांढऱ्या माशीची अंडी आणि पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असतात व उबदार हवेत साधारण तीन आठवड्यांत त्यांची माशी होते. म्हणजे चार रोपे वाचवण्याच्या मोहात नव्या कोवळ्या रोपांसाठी लीफ कर्लचा (पाने आकसून मुरडण्याच्या रोगाचा) विषाणू घरातच सांभाळला जातो. याउलट, बेंचखालच्या तणासकट एकही हिरवे पान न ठेवता पॉलिहाऊस उन्हात बंद ठेवले, की प्रौढ माशी अन्नावाचून काही दिवसांतच मरते. उपटलेली रोपे पोत्यांत बांधून लांब नेण्याचे कारणही हेच आहे, कारण दाराशी ढीग लावला तर कीड आणि बुरशीचे बीजाणू पुन्हा आत येतात.

त्यानंतरचे दिवस धुण्यात जातात. वापरलेला प्रो-ट्रे (रोपे वाढवण्याचा खणांचा प्लास्टिक ट्रे) उलटा करून उजेडात धरला, तर निचऱ्याच्या भोकांत केसासारखे मुळांचे धागे अडकलेले दिसतात. रोप बुडाशी कुजून कोलमडते त्या रोगाचे जंतू, पिथियम आणि रायझोक्टोनिया, अशाच धाग्यांत तग धरून राहतात. आमच्याकडील बायका ते धागे आधी ब्रशने काढतात, मग ट्रे डिटर्जंटच्या पाण्याने धुतात आणि त्यानंतरच सोडियम हायपोक्लोराइटच्या ताज्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून, विसळून, उन्हात वाळवतात. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), माती आणि शेवाळ तसेच राहिले तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडते आणि जंतू सुखरूप राहतात. बेंचखालचे शेवाळ खरवडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, पण तिथे वाढणारी बारीक काळी चिलटे पिथियम एका ट्रेवरून दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे ते काम टाळता येत नाही. ठिबकच्या नळ्या आम्ही आम्लाने वेगळ्या दिवशी साफ करतो. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. घरच्या घरी सफाई करणाऱ्या प्रत्येकाने एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आता तंबाखूविषयी. आपल्या भागात तंबाखू मळणे इतके रोजचे आहे की, हात धुवायला सांगितल्यावर माणसाला अपमान वाटणे आम्ही समजू शकतो. परंतु तंबाखूच्या पानातील मोझॅक विषाणू पान वाळवून तयार केलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि मिरची, ढोबळी व टोमॅटो त्याच कुळातील असल्याने त्यांनाही तो लागतो. त्याला पसरायला कीटकाची गरज नसते. मळलेल्या हाताने रोप उचलले आणि पान किंचित चुरगळले तरी पुरे होते, आणि एकदा लागण झाली की त्यावर औषध नाही. आमचे कामगार आणि आम्ही स्वतः हाच नियम पाळतो. रोपे हाताळताना मधूनमधून साय काढलेल्या दुधात हात बुडवले जातात, कारण दुधातील प्रथिने या विषाणूची लागण रोखतात. हे नाटक नसून आपल्याच रोपांची राखण आहे.

जुनी ढोबळी काढल्यावर चार दिवसांत नवी लावायची होती, असे आपण लिहिले आहे. आमच्या मते ही घाई आपल्याला महागात पडली असती. जुनी झाडे उपटताना मुळांवर गाठी दिसल्या असतील तर जमिनीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) आहेत, आणि त्या तिथेच नव्या रोपांची वाट पाहतात. बेड भिजवून त्यावर पारदर्शक पॉलिथिन ताणून, कडा मातीने दाबून, चार ते सहा आठवडे ठेवले तर वरच्या थरातील सूत्रकृमी आणि बुरशी पुष्कळ कमी होतात, मात्र खोलवरच्या सूत्रकृमी पूर्णपणे जात नाहीत. पॉलिथिन पारदर्शकच हवे. काळ्या मल्चिंग पेपरने तेवढी उष्णता जमिनीत उतरत नाही. आपल्याकडे यासाठी एप्रिल-मे हेच दिवस आहेत, मृगाचे ढग आले की ऊन संपते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या पॉलिहाऊसमध्ये पंचगंगेचे किंवा कृष्णेचे पाणी शिरले, त्यांनी तर गाळ काढून जमीन शुद्ध केल्याशिवाय रोप लावूच नये.

इतर ठिकाणी रोप स्वस्त मिळते, हेही आपण नमूद केले आहे. आमच्या दरात या सफाईची मजुरी आणि दोन बॅचमधील मोकळे दिवस धरलेले आहेत. ते दिवस कापून दर कमी करणे आम्हाला मान्य नाही. ढोबळीचे रोप पेरणीपासून लावणीयोग्य व्हायला साधारण पाच ते सहा आठवडे लागतात, तेव्हा जुने पीक संपत आले की लगेच नोंदणी केल्यास जमीन तयार होणे आणि रोप तयार होणे यांचा मेळ बसतो.

आपली आगाऊ रक्कम आमच्याकडे जमा आहे. रोपे नको असतील तर पावती दाखवून ती पूर्ण परत घ्यावी. हवी असतील तर दिलेल्या तारखेला यावे, येताना क्रेट धुऊन आणावेत, आणि गाडी भरण्यापूर्वी आपल्या पसंतीच्या कोणत्याही ट्रेमधील रोपे उचलून मुळे पाहावीत. मुळे पांढरी नसून तपकिरी दिसली, तर तो ट्रे आम्ही तिथेच बदलून देऊ.